पीटपासून गॅस आणि द्रव इंधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भे-महापे पट्ट्यातल्या बॉयलरवाल्यांपासून घोडबंदर रोडच्या गच्चीबागवाल्यांपर्यंत, पीट या इंधनाबद्दल आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसरं उत्तर जोडून वाचायला हवं तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान प्रश्न ६ वाचा. बाकीच्या बहुतेक उत्तरांची गोम तिथेच आहे.

१. पीट म्हणजे काय? कोळशाचाच प्रकार ना?

पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजून राहिलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. शेवाळ, गवत, झुडपं मरतात, पाणथळ जागेत दबतात आणि ऑक्सिजनअभावी पुरती कुजत नाहीत. थंड प्रदेशात हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे दोन मीटर पीट साठायला दोन हजार वर्षं. तोच थर पुढे गाडला जाऊन लाखो वर्षं दाब आणि उष्णता सोसत राहिला, की त्याचं लिग्नाइट होतं आणि नंतर दगडी कोळसा. म्हणून पीटला कोळशाची पहिली पायरी म्हणावं.

कोरड्या पीटचा उष्मांक किलोला २० ते २२ मेगाज्यूल असतो, लाकडापेक्षा थोडा जास्त आणि चांगल्या दगडी कोळशापेक्षा कमी. पण जमिनीतून निघणारं पीट कोरडं कधीच नसतं.

२. नर्सरीत विटा मिळतात ते कोकोपीट म्हणजे हेच का? त्याचा गॅस होईल का?

नाही. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. पाणी धरून ठेवण्याचा गुण पीटसारखा, म्हणून नाव तसं पडलं. तो दलदलीत बनत नाही, कारखान्याच्या आवारात साठतो.

गॅस होईल, कारण सुका सेंद्रिय पदार्थ कोणताही असो, त्याचं गॅसीकरण होतंच. पण या भुशात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोरीनचे क्षार बरेच असतात. भट्टीत राख लवकर वितळून चिकटते आणि नळ्या गंजतात. कुंडीत टाका, तिथेच त्याची किंमत वसूल होते.

३. ठाण्याच्या खाडीतला काळा, वास मारणारा चिखल पीट आहे का? त्यातून बुडबुडे येतात ते गॅसचेच ना?

ऐरोली पुलावरून ओहोटीला खाली पाहिलं की ही शंका येणं साहजिक आहे, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच. उत्तर नाही.

पीट म्हणायला कोरड्या वजनाच्या निदान तीस टक्के भाग सेंद्रिय असावा, असा एक सर्वमान्य निकष आहे. खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गाळ आणून टाकते. त्यामुळे इथला चिखल मुख्यतः माती आहे, सेंद्रिय भाग थोडाच. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, आणि ते असेपर्यंत सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना डोकं वर काढू देत नाहीत. बुडबुड्यांत थोडा मिथेन असतो, पण शेगडी पेटेल इतका नाही.

खारफुटीचं पीट जगात आहे. कॅरिबियन समुद्रात बेलीझच्या किनाऱ्यावर त्याचे कित्येक मीटर जाड थर आहेत, कारण तिथे नद्या गाळ आणत नाहीत आणि मुळांवर मुळं साठत जातात. आपल्या खाडीत तसं घडत नाही. शिवाय ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथला चिखल उपसण्याचा विचार कायद्यातही बसत नाही आणि हिशेबातही.

४. मग भारतात पीट कुठे आहे?

निलगिरीच्या उंच पठारांवर, गवताळ खोलगट भागांत पीटचे पातळ थर आहेत. त्यांचं मोल इंधन म्हणून नाही. वीस हजार वर्षांमागचं हवामान कसं होतं, पाऊस किती पडत होता, हे शास्त्रज्ञांनी त्या थरांतून वाचलं आहे. केरळात कुट्टनाडच्या आंबट, काळ्या ‘कारी’ जमिनीत पुरलेली लाकडं आणि पीटसदृश थर सापडतात, आणि तिथे भात पिकतो. फिनलंड, आयर्लंड, रशिया किंवा इंडोनेशियासारखे खणून विकण्याजोगे साठे आपल्याकडे नाहीत.

मग हा विषय इथे कशाला? कारण ओला, हलका, अर्धवट कुजलेला माल भट्टीत घालून गॅस कसा करायचा, हा अभ्यास पीटवर फार बारकाईने झाला आहे, आणि ओल्या मालाला आपल्याकडे तोटा नाही (प्रश्न १५).

५. पीटपासून गॅस बनतो म्हणजे नक्की काय घडतं? पीट जाळतातच ना?

अर्धवट जाळतात. भट्टीत पूर्ण ज्वलनाला लागतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ऑक्सिजन सोडतात, सोबत पाण्याची वाफ. आधी उरलेला ओलावा जातो. मग तापलेल्या पीटमधून बाष्पशील पदार्थ सुटतात : मिथेन, डांबर, तेलकट वाफा. मागे कोळसा उरतो. त्यातला काही जळतो, आणि त्या उष्णतेवर उरलेला कार्बन वाफेशी झुंजून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनवतो. या दोन वायूंच्या मिश्रणाला संश्लेषण वायू किंवा सिनगॅस म्हणतात. पुढचं सगळं रसायनशास्त्र या मिश्रणावर उभं आहे.

हवा वापरली तर गॅसमध्ये निम्मा नायट्रोजन येतो. त्याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. उष्मांक घनमीटरला चार ते सहा मेगाज्यूल. इंजिन किंवा बॉयलर चालवायला तो पुरतो. शुद्ध ऑक्सिजन वापरला तर उष्मांक दुपटीच्या आसपास जातो, आणि द्रव इंधन बनवायचं असेल तर ऑक्सिजनचा खर्च टळत नाही.

मोठ्या कारखान्यांत पीटसाठी बहुधा फ्लुइडाइज्ड बेड वापरतात : खालून येणाऱ्या वायूच्या झोतावर कण उकळल्यासारखे तरंगत राहतात. जर्मनीत फ्रिट्झ विंकलरने १९२० च्या दशकात ही भट्टी लिग्नाइटसाठी उभी केली. पीट भुसभुशीत आणि एकसारखं नसतं, म्हणून ठोकळे मागणाऱ्या भट्टीपेक्षा ही त्याला मानवते.

६. पीटमध्ये एवढं पाणी असतं म्हणता. सुकवून घ्यायचं, त्यात काय मोठंसं?

तिथेच सगळं अडतं. दलदलीतल्या पीटमध्ये वजनाने ९० टक्के पाणी असतं. म्हणजे दहा टन उपसलंत तर एक टन पीट आणि नऊ टन पाणी. हे पाणी उष्णता देऊन उडवायचं ठरवलं तर किलोमागे साधारण अडीच मेगाज्यूल लागतात. नऊ टनांचे झाले २३ गिगाज्यूलच्या आसपास. आणि त्या एक टन कोरड्या पीटमध्ये ऊर्जा किती? सुमारे २१. इंधन सुकवायला इंधनात आहे त्याहून जास्त ऊर्जा. धंदा पहिल्याच पायरीवर बुडाला.

मग दाबून पिळा, असं प्रत्येक जण सुचवतो. शंभर वर्षांपूर्वीही सुचवलं होतं. यंत्राने कितीही दाबलं तरी ओलावा सत्तरीच्या घरात येऊन थांबतो, कारण बरंचसं पाणी पीटच्या चिकट, कलिली कणांत अडकलेलं असतं. ते पिळून निघत नाही.

म्हणून जगात पीटचा जो काही उद्योग चालला, तो सूर्य आणि वाऱ्याच्या फुकट मजुरीवर. आधी चर खणून दलदलीतलं पाणी काही वर्षं वाहू द्यायचं. मग उन्हाळ्यात वरचा अगदी पातळ थर यंत्राने खरवडून मोकळा करायचा, उलटा-पालटा करायचा, आणि दोन-तीन दिवसांत ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास आला की गोळा करायचा. पन्नास टक्क्यांचा हिशेब जमतो : टनभर पीटमागे टनभर पाणी, ते उडवायला अडीच गिगाज्यूल, आणि तेवढी उष्णता कारखान्यातल्या वाया जाणाऱ्या वाफेतून काढता येते. भट्टीत जाताना ओलावा पंधरा टक्क्यांच्या जवळपास आणतात.

पण फिनलंड-आयर्लंडचा उन्हाळा छोटा. तो पावसाळी गेला की वर्षाचं पीट हातचं गेलं. आपल्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. तसा उन्हाळा आला तर त्या कारखान्याचं काय होईल याची कल्पना करा. कारखान्याला मात्र माल बारा महिने लागतो, म्हणून दोन हंगामांचा साठा करून ठेवावा लागतो. ढिगाऱ्यात पीट आपोआप तापतं आणि पेटही घेतं, तो खर्च वेगळाच.

तिसरी वाट दाबाखाली शिजवण्याची. तिच्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

७. त्या गॅसपासून डिझेल कसं होतं? एक टन पीटमधून किती लिटर निघेल?

सिनगॅस आधी धुवावा लागतो. गंधकाचे अंश राहिले तर उत्प्रेरक मरतो. मग वाफेच्या साहाय्याने हायड्रोजनचं प्रमाण वाढवतात आणि कार्बन डायऑक्साइड बाजूला काढतात. इथून तीन फाटे फुटतात. निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेन होतो, म्हणजे पाइपगॅसच्या तोडीचा कृत्रिम नैसर्गिक वायू. तांबं-जस्ताच्या उत्प्रेरकावर मिथेनॉल. लोखंड किंवा कोबाल्टवर फिशर-ट्रॉप्श पद्धतीने मेण, डिझेल, नाफ्था. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी ही पद्धत १९२५ च्या सुमारास जर्मनीत म्युलहाइमला शोधली. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी १९५५ पासून कोळशावर ती चालवते आहे.

लिटरचा हिशेब, अंदाजे : एक टन कोरड्या पीटमधून मिथेन केला तर अडीचशे किलोच्या आसपास, मिथेनॉल केलं तर अर्धा टन, आणि फिशर-ट्रॉप्शचं तेल केलं तर जेमतेम दोनशे किलो, म्हणजे अडीचशे लिटर. टन शब्द ऐकून लोकांच्या अपेक्षा मोठ्या असतात. पण पीटमध्ये एक तृतीयांश वजन ऑक्सिजनचं असतं आणि डिझेलच्या मानाने हायड्रोजन कमी. ती तूट भरून काढताना बराचसा कार्बन धुराड्यातून जातो (प्रश्न ११).

८. हे कुणी खरंच केलंय, की नुसतं कागदावर?

दोन्ही. पहिल्या महायुद्धाच्या आधी इटली आणि जर्मनीत पीटपासून प्रोड्यूसर गॅस करून वीज बनवत आणि गॅसमधला अमोनिया वेगळा काढून खत विकत. आयर्लंडच्या उत्तरेला पोर्टाडाउनमध्ये एक विणकामाची गिरणी पीटच्या गॅसवरच्या इंजिनांवर चालत असे.

दुसरी लाट १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत आली. मिनेसोटा राज्यात पीट अफाट. तिथल्या मिनेगॅस्को या गॅस कंपनीने आणि इन्स्टिट्यूट ऑफ गॅस टेक्नॉलॉजीने पीटपासून थेट पाइपलाइनचा गॅस करण्याची पद्धत विकसित केली. प्रयोग झाले, कारखाना झाला नाही. नॉर्थ कॅरोलिनात क्रेसवेल गावाजवळ पीटपासून मिथेनॉल करायचा मोठा प्रकल्प आखला गेला. त्यासाठी सरकारी सिंथेटिक फ्युएल्स कॉर्पोरेशनकडे हमी मागितली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यात तेल स्वस्त व्हायला लागलं, प्रकल्प गुंडाळला गेला, पाठोपाठ ते कॉर्पोरेशनही. त्या परिसरातल्या पीटच्या जमिनीवर १९९० मध्ये पोकोसिन लेक्स अभयारण्य झालं. चर खणून कोरडं पाडलेलं पीट किती धोक्याचं, हे २००८ मध्ये तिथे दिसलं. जमिनीला लागलेली आग कित्येक महिने धुमसत होती.

खऱ्याखुऱ्या मोठ्या कारखान्याचा मान फिनलंडच्या औलूला जातो. केमिरा कंपनीने १९८८ मध्ये तिथे विंकलर भट्टीच्या सुधारित, दाबाखाली चालणाऱ्या आवृत्तीत पीट घालून सिनगॅस केला आणि त्यापासून खतांसाठी अमोनिया.

९. औलूचा कारखाना चालत होता, मग बंद का पडला?

पैशामुळे. बाहेरून अमोनिया विकत आणणं स्वस्त पडायला लागलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीटची भट्टी थांबली. तांत्रिक दुखणं एक मोठं होतं : गॅसमध्ये नॅफ्थलीन येई, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा पदार्थ, आणि गॅस थंड झाला की तो नळ्यांत गोठून बसे. त्यावर उपाय निघाले. किमतीवर निघाला नाही. पीटच्या प्रत्येक प्रकल्पाचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे, आणि हिशेब पुन्हा प्रश्न ६ वर येऊन ठेपतो.

१०. कोळशापेक्षा पीट गॅससाठी चांगलं की वाईट?

भट्टीच्या आत चांगलं, भट्टीच्या बाहेर वाईट. पीट तरुण असल्याने त्याचा कार्बन चटकन अभिक्रिया करतो, कमी तापमानात गॅस होतो, आणि गंधक बहुधा कमी असतं. पण नायट्रोजन एक-दोन टक्के असल्याने गॅसमध्ये अमोनिया येतो, डांबर जास्त येतं, आणि माल हलका असल्याने वाहतूक परवडत नाही. म्हणूनच पीटचे कारखाने दलदलीच्या काठावरच बांधले गेले.

११. पीट पुन्हा तयार होतं ना? मग हे हरित इंधन नाही का?

यावर फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. तिथे पीटला ‘सावकाश नूतन होणारं’ म्हणायची पद्धत होती. हजार वर्षांत भरून येणारा साठा वीस वर्षांत जाळायचा आणि त्याला नूतन म्हणायचं, हे आम्हाला पटत नाही. युरोपच्या कार्बन बाजारातही पीटचा कार्बन मोजला जातो, लाकडासारखा सोडून दिला जात नाही.

आकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एक गिगाज्यूल ऊर्जेमागे पीटमधून १०६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दगडी कोळशातून सुमारे ९५, नैसर्गिक वायूतून ५६. त्यातून द्रव इंधन केलं तर पीटमधला एक तृतीयांश कार्बनच तेलात उतरतो. म्हणजे पीटचं एक लिटर डिझेल हवेत जवळजवळ तेवढा कार्बन सोडतं, जेवढा खनिज तेलाचं तीन लिटर. यात चर खणल्यावर उघड्या पडलेल्या दलदलीतून निघणारा वायू धरलेला नाही. पीटच्या दलदली जगाच्या जमिनीच्या तीनच टक्के, पण सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन त्यांनी दाबून धरला आहे. आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी पीट कंपनीनेही २०२१ मध्ये पीट उपसणं कायमचं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

१२. पण कार्बन पकडून जमिनीत गाडला तर?

प्रश्न चांगला आहे, कारण गॅसीकरणात कार्बन डायऑक्साइड तसाही वेगळा काढावा लागतो. धुराड्यातून पकडण्यापेक्षा हे सोपं. अमेरिकेत नॉर्थ डकोटात ग्रेट प्लेन्स हा कारखाना १९८४ पासून लिग्नाइटचा कृत्रिम नैसर्गिक वायू करत आला, आणि तिथला कार्बन डायऑक्साइड २००० पासून नळातून कॅनडात वेबर्नच्या तेलक्षेत्रात नेऊन जमिनीखाली सोडला जातो. तंत्र म्हणून हे सिद्ध आहे. पण दलदल सुकवल्यावर तिच्यातून हवेत जाणारा कार्बन कोणत्याही नळात पकडता येत नाही. पीटच्या बाबतीत ही पळवाट अर्धीच उघडते.

१३. आमच्या पाइपगॅसमध्ये असा गॅस सोडला तर शेगडी चालेल का?

मिथेनपर्यंत नेलेला गॅस चालेल. शेगडीला फरक कळणार नाही. कच्चा सिनगॅस मात्र अजिबात नाही. एक तर बर्नरची छिद्रं नैसर्गिक वायूच्या मापाची असतात. दुसरं, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, बिनवासाचा आणि जीवघेणा. मुंबईत १८६० च्या दशकात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते दगडी कोळशाच्या गॅसवर, आणि त्यात हा वायू असायचाच.

याच कारणाने सोसायटीच्या आवारात किंवा गाळ्यात घरगुती गॅसिफायर (गॅस बनवणारी भट्टी) जोडण्याचे व्हिडिओ पाहून आम्हाला लिहिणाऱ्यांना एकच उत्तर : बंदिस्त जागेत नको. प्रोड्यूसर गॅसमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो फुटक्या जोडातून सुटला तर डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मिथेनॉल घरी बनवायचं तर नावही काढू नका. २०१५ च्या मालवणी दारूकांडात शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. ते बाळगायलाही परवाना लागतो.

१४. गोबरगॅससारखं पीट टाकीत सडवलं तर? सुकवायचा खर्चच वाचेल.

विचार बरोबर दिशेचा आहे, पण पीट म्हणजे सडण्याजोगं सगळं सडून झाल्यावर उरलेला भाग. हजारो वर्षं बिनहवेच्या पाण्यात राहून जिवाणूंना जे पचलं नाही, ते तुमच्या टाकीत महिन्याभरात पचणार नाही. शेण, भाजीबाजारातला कचरा, हॉटेलचं खरकटं यांची गोष्ट वेगळी; ते टाकीचंच खाद्य. २०१८ च्या ‘सतत’ योजनेखाली असा गॅस शुद्ध करून सीएनजी म्हणून विकता येतो.

१५. मग आपल्या ओल्या कचऱ्याचं, मैल्याच्या गाळाचं उलट कृत्रिम पीट करून गॅसिफायरमध्ये घालता येईल का?

येईल. प्रश्न ६ मध्ये सोडलेली तिसरी वाट ती हीच. ओला माल बंद भांड्यात १८० ते २५० अंशांवर, दाबाखाली काही तास शिजवायचा. पाण्याची वाफ होऊ द्यायची नाही, म्हणून बाष्पीभवनाची ऊर्जा वाचते. पेशी आणि कलिली कण फुटतात, अडकलेलं पाणी मोकळं होतं, आणि मग तो माल यंत्रात दाबला की खरोखर पिळला जातो. उरतो तो तपकिरी, लिग्नाइटसारखा चुरा. फ्रिडरिश बेर्गियसने १९१३ च्या सुमारास पीट आणि सेल्युलोज असंच शिजवून कोळसा निसर्गात कसा बनतो ते प्रयोगशाळेत दाखवलं. दाबाखालच्या रसायनशास्त्रासाठी त्याला कार्ल बॉशबरोबर १९३१ चं नोबेल मिळालं.

अडचणी तीन. दाबाचं भांडं महाग आणि त्यात ओला माल सलग ढकलणारा पंप त्याहून कटकटीचा. आपल्या कचऱ्यात माती-रेती फार, म्हणून चुऱ्यात राख फार. आणि पिळून निघालेलं पाणी तपकिरी, आंबूस, सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं असतं. ते नाल्यात सोडता येत नाही. गंमत अशी की ते पाणी गोबरगॅसच्या टाकीला मात्र चालतं. म्हणून हे यंत्र घ्यायचं तर सांडपाणी केंद्राला लागून घ्यावं, जिथे टाकी आधीच उभी आहे.

१६. महाप्यात आमचा बॉयलर आहे. पीटच्या ब्रिकेट आयात केल्या तर परवडतील?

नाही. बाल्टिकहून जहाजाने आणलेल्या पीटमध्ये भाड्याचाच भाग मोठा होईल, आणि कार्बनच्या हिशेबात तुम्ही कोळशाच्याही मागे जाल (प्रश्न ११). आपल्याकडे आयात होणारं पीट मॉस रोपवाटिकांसाठी येतं, जाळण्यासाठी नाही. शेतातल्या काडीकचऱ्याच्या किंवा भुशाच्या ब्रिकेटच घ्या, फक्त पावसाळ्यात ओलाव्याची चाचणी करूनच गाडी उतरवून घ्या.

१७. सरकार गॅसीकरणाला पैसे देतंय असं वाचलं. त्यात पीट येतं का?

ती योजना कोळसा आणि लिग्नाइटची आहे. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचं गॅसीकरण करायचं उद्दिष्ट आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहनाला मंजुरी दिली. आपल्या कोळशाची अडचण पाणी नाही, राख आहे. रामागुंडम आणि तालचेरचे कोळशावरचे खत कारखाने १९९९ मध्ये बंद पडले, त्यामागे हीही एक डोकेदुखी होती. हैदराबादला भेल (बीएचईएल) या सरकारी कंपनीने जास्त राखेच्या कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल काढणारा प्रायोगिक संच उभा केला आहे. ओल्या कचऱ्यासाठी किंवा टाकीतल्या गॅससाठी मदत हवी असेल तर या योजनेत अर्ज करून उपयोग नाही. प्रश्न १४ मधली ‘सतत’ योजना पाहा.